माळ्याच्या फळ्यांची मांडणी: गावच्या घराच्या जुन्या लाकडातून भिंतीवरचं पुस्तकांचं शेल्फ

गेल्या मे महिन्यात गुहागर तालुक्यातलं आमचं गावचं घर उतरवलं. पडवीकडची भिंत दोन पावसाळ्यांपासून फुगत होती, आढं एका अंगाला बसलं होतं, आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून बाबा आणि काका दोघांनी शेवटी ठरवलं की राहू दे. कौलं उतरली, वासे उतरले, आणि माळ्यावरच्या फळ्या अंगणात एकावर एक रचल्या तेव्हा त्यातल्या एका फळीच्या पाठीमागे आजोबांच्या हातची पेन्सिल दिसली. नारळांचा हिशोब होता, पाच पाच रेघांच्या जुड्या, आणि शेवटी गोल करून आकडा. भंगारवाला ते सगळं लाकूड एका टेम्पोत भरून न्यायला तयार होता. मी त्यातल्या दोन फळ्या आणि वाशाचा एक तुकडा बाजूला काढला आणि सहा महिन्यांनी डोंबिवलीच्या घरात त्याची पुस्तकांची मांडणी लावली.

ते काम मी कसं केलं ते सगळं इथे लिहितोय. मी सुतार नाही, हातात करवत धरायची ही माझी दुसरी वेळ. ज्यांच्या घरी असं लाकूड पडलंय आणि सुतार म्हणतो की "साहेब, हे जाळायच्या लायकीचं, प्लायवूड घ्या", त्यांनी हे वाचून मगच ठरवावं.

एक गोष्ट आधीच सांगतो. नवीन माणसाला वाटतं की जुनं लाकूड कमजोर असणार, म्हणून तो सगळी काळजी लाकडाची करतो आणि भिंतीत मात्र दोन इंची स्क्रू ठोकून मोकळा होतो. प्रत्यक्षात बरोबर उलटं आहे. साठ-सत्तर वर्षं कोरड्यात राहिलेला सागवान किंवा फणस आजच्या वखारीतल्या लाकडापेक्षा जास्त स्थिर असतो, कारण त्याचं जे काय वाकायचं-आकसायचं ते बरंचसं होऊन गेलेलं असतं. घात होतो तो भिंतीकडून, त्यामुळे ह्या लेखात भिंतीबद्दल बरंच लिहिलंय, ते वगळू नका.

लाकूड कुठलं घ्यायचं

घर उतरवताना हातात काय काय येतं ते बघा. खांब आणि तुळया जाड असतात, त्या सॉ मिलवर चिरून घ्याव्या लागतात. वासे आणि रिपा बारीक असतात. शेल्फसाठी सगळ्यात सोयीच्या म्हणजे माळ्याच्या फळ्या, त्या आधीच सपाट असतात आणि साधारण सव्वा इंच जाड असतात. जुन्या दारांच्या फळ्याही चालतात पण दारावर ऑइलपेंटचे थर असतात, त्याबद्दल पुढे सांगतो.

कोकणातल्या घरात सरसकट सागवान असतो असं समजू नका. फणस खूप असतो, ऐन आणि किंजळ असतो, कधी आंबाही असतो. ओळखायचं कसं तर एका कडेला रंध्याचे दोन हात मारा म्हणजे आतलं लाकूड दिसेल. सागवान सोनेरी-तपकिरी निघतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि त्याला चामड्यासारखा एक वास असतो तो एकदा घेतला की विसरत नाही. फणस आतून पिवळा, आणि उजेडात राहिला की हळूहळू गडद होत जातो. ऐन गडद, जड, आणि नवख्याच्या करवतीला दमवणारा. आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते, त्यामुळे शेल्फला मी ते घेणार नाही. माझ्या दोन्ही फळ्या फणसाच्या निघाल्या. सागवान नाही म्हणून क्षणभर वाईट वाटलं होतं, पण रंधा मारल्यावर जो पिवळा रंग वर आला तो बघून आईनं हातातलं काम सोडलं आणि येऊन फळीवरून हात फिरवला.

किती लाकूड लागेल? जुनं लाकूड घनफुटावर मोजतात आणि हिशोब सोपा आहे, लांबी फुटात, रुंदी इंचात, जाडी इंचात, तिघांचा गुणाकार करून १४४ नं भागायचं. १० फूट लांब, ९ इंच रुंद, सव्वा इंच जाड अशी एक फळी म्हणजे पाऊण घनफुटाच्या थोडी वर. मी जे शेल्फ सांगतोय त्याला अशा दोन फळ्या लागतात. टोकं कुजलेली असतात, खिळ्यांजवळ चिरलेली असतात, त्यामुळे हिशोबापेक्षा थोडं जास्तच ठेवा.

गावाहून शहरात आणायचं असेल तर आणखी एक काम. सागवान, खैर असलं लाकूड टेम्पोत भरण्याआधी जवळच्या वनखात्याच्या रेंज ऑफिसात जाऊन वाहतूक पासाबद्दल विचारून घ्या, आणि घर उतरवल्याचा ग्रामपंचायतीचा काहीतरी कागद बरोबर असू द्या. दोन फळ्या गाडीच्या टपावर बांधून आणणं वेगळं आणि अख्खं घर आणणं वेगळं.

कीड आहे का ते आधी बघा

घरात आणण्याआधी, गॅलरीत किंवा पार्किंगमध्ये. स्क्रूड्रायव्हरचं टोक फळीच्या दोन्ही टोकांना आणि कडांना दाबून बघायचं. लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर तेवढा भाग कापून टाका, तिथे दया दाखवू नका. बारीक गोल भोकं दिसली तर घाबरून जायचं कारण नाही, ती वीस वर्षांपूर्वीची असू शकतात. कीड अजून जिवंत आहे का हे कळायला फळी वर्तमानपत्रावर आडवी ठेवा, दहा-पंधरा दिवस हलवू नका. खाली ताजं पिठासारखं पडलेलं दिसलं तर आत भुंगा आहे. मग बाजारात लाकडाचं कीडनाशक मिळतं ते ब्रशनं दोन हात लावायचं, भोकांमध्ये इंजेक्शनच्या सिरिंजनं भरायचं, आणि उघड्यावर वास पूर्ण जाईपर्यंत ठेवायचं. हातात ग्लोव्हज पाहिजेत. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर तो तुकडा मी तरी घरात आणणार नाही, जेवढं चांगलं वाटतं तेवढंही नाही.

कोकणातल्या लोकांसाठी एक खास सूचना. किनारपट्टीला जुन्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावायची पद्धत होती. कीड लागू नये म्हणून उत्तम, पण ते अंगाला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. फळीवर काळपट, डांबरासारखा चिकट थर असेल तर उघड्या हातानं घासू नका.

आणि मग लाकूड ज्या घरात लागणार आहे त्याच घरात निदान तीन आठवडे ठेवा. खाली रिपा टाकून, दोन फळ्यांमध्ये फट राहील अशी. गावची दमट हवा आणि फ्लॅटमधली हवा वेगळी असते, लाकूड रुंदीत थोडं आकसतं, ते कापण्याआधी आकसलेलं बरं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, सगळा फरक रुंदीत पडतो, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

खिळे काढणं, सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं

जुन्या फळीत खिळे असतात, आणि जे दिसतात त्यांचा प्रश्न नसतो. डोकं तुटून आत राहिलेले खिळे रंध्याच्या पात्याला एका क्षणात दात पाडतात, आणि सॉ मिलवाला तर खिळा दिसला की फळी परत देतो, त्याचं पातं महाग असतं, त्याचं बरोबरच आहे. जुन्या स्पीकरमधला गोल चुंबक असेल तर तो दोऱ्याला बांधा आणि फळीच्या चार-पाच मिलिमीटर वरून सावकाश फिरवा. खिळा असेल तिथे चुंबक ओढ घेतो. तिथे खडूनं गोल करायचा. माझ्या एका फळीवर असे तेवीस गोल झाले होते.

काढायचं कसं तर शक्य असेल तिथे मागच्या बाजूनं टोक ठोकून डोकं वर आणायचं आणि अंबूरनं (खिळे उपटायच्या पकडीनं) ओढायचं, अंबूरखाली पातळ लाकडी तुकडा ठेवून, म्हणजे फळीवर खड्डा पडत नाही. टोक गंजून तुटलं तर भोवती बारीक ड्रिल करून मोकळं करा. अगदीच निघत नसेल तर पंच लावून आत खोल ठोका आणि त्या जागी रंधा नाही, फक्त पॉलिश पेपर. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं, लोखंड आणि लाकडातला रस ह्यांचा तो डाग आहे. तो घासून जात नाही, खूप खोल असतो. माझं मत विचाराल तर तो ठेवावा.

जुना रंग असेल तर थांबा

हा परिच्छेद लहान मुलं असलेल्यांनी दोनदा वाचा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवायचा केंद्र सरकारचा नियम २०१६ सालचा आहे आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे आजोबांच्या काळातल्या हिरव्या किंवा निळ्या दाराच्या रंगावर भरवसा ठेवायचा नाही. असा रंग मशीननं किंवा पॉलिश पेपरनं कोरडा घासायचा नाही, त्याची धूळ श्वासात आणि जमिनीवर जाते आणि रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जाते. जाळून काढायचा नाही. पेंट रिमूव्हर लावून ओला असतानाच पत्रीनं खरवडायचा, उघड्यावर, ग्लोव्हज आणि मास्क लावून, खाली प्लास्टिक पसरून, आणि सगळा चोथा त्या प्लास्टिकमध्येच गुंडाळायचा. एवढं करायचं नसेल तर रंगाच्या फळ्या सोडून द्या आणि माळ्याच्या घ्या, त्यांना बहुतेक वेळा रंग नसतोच.

माप आणि कापणी

माझं शेल्फ बाहेरून ३६ इंच रुंद, ३० इंच उंच, ८ इंच खोल. दोन उभ्या फळ्या, तीन आडव्या, आणि मागे तीन पाठपट्ट्या. सगळं लाकूड रंधा मारून १ इंच जाड केलेलं. मराठी पुस्तकं बरीचशी डेमी आकाराची असतात, साधारण साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद, त्यामुळे ८ इंच खोली पुरते, मागे एक इंचाची पट्टी गेली तरी ७ इंच उरतात. दिवाळी अंक त्याहून मोठे असतात म्हणून खालचा खण १० इंच उंच ठेवलाय, मधला ९, आणि वरचा उघडाच. तुमच्याकडे कोश किंवा मोठी चित्रांची पुस्तकं असतील तर आधी ती मोजा आणि मग माझी मापं बदला.

उभ्या फळ्या ३० इंचाच्या. आडव्यांची लांबी काढताना लोक चुकतात, म्हणून हळू सांगतो. बाहेरून ३६, त्यातून दोन उभ्यांची जाडी २ इंच गेली, आत राहिले ३४. पण आडवी फळी उभीमध्ये पाव इंच खाच करून घुसवायची आहे, दोन्ही बाजूंनी, म्हणून ३४ अधिक अर्धा, साडेचौतीस इंच. पाठपट्ट्या खाचेत जात नाहीत, त्या बरोबर ३४ इंच. ३४ इंचाचा एक तुकडा उभा तीन भागात चिरला की प्रत्येकी जवळपास पावणेतीन इंच रुंदीच्या तीन पट्ट्या निघतात.

पहिल्या फळीतून ३०, ३० आणि साडेचौतीस असे तीन तुकडे. दुसरीतून साडेचौतीसचे दोन आणि पाठपट्ट्यांचा ३४ चा एक. दोन्ही फळ्यांना टोकाकडे दीड-दोन फूट उरतं, तेच कुजलेल्या टोकांसाठी. कापण्याआधी खडूनं सगळे तुकडे फळीवर मांडून घ्या, गाठी आणि चिरा कुठे येतात ते बघा. गाठ आडव्या फळीच्या बरोबर मध्ये येऊ देऊ नका, वजन तिथेच सगळ्यात जास्त जाणवतं.

उभं चिरणं आणि जाडी सारखी करणं हे हातानं करायचा हट्ट नवख्यानं धरू नये असं मला वाटतं. खिळे काढलेली फळी घेऊन वखारीत जा, तिथे मशीनवर दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. मात्र तिथे उभे राहा आणि बोलून ठेवा. आमच्याकडच्या वखारीतले काका फळी दोन्ही बाजूंनी आरशासारखी करून देणार होते. मी म्हटलं, "काका, ही बाजू नको, हिच्यावर आजोबांचं लिहिलेलं आहे." त्यांनी फळी उलटली, चष्मा वर केला, त्या रेघा बोटानं मोजल्या आणि म्हणाले, "मग ही बाजू वर ठेव, नाहीतर कुणाला दिसणार?" ती फळी आता वरच्या खणाची आहे. एका बाजूनं थोडी जाड राहिली तर खाच थोडी मोठी करावी लागते, बाकी काही बिघडत नाही.

खाच करणं

दोन उभ्या फळ्या शेजारी शेजारी ठेवा, कडा जुळवून क्लँप करा, आणि दोन्हीवर एकदमच रेघा मारा, म्हणजे शेल्फ तिरकं होत नाही. खालच्या टोकापासून १ ते २ इंच ही तळाच्या फळीची जागा, १२ ते १३ मधल्या फळीची, २२ ते २३ वरच्या फळीची. रेघ मारताना टेपवर न जाता प्रत्यक्ष फळीचा तुकडाच तिथे उभा ठेवून दोन्ही बाजूंनी पेन्सिल फिरवा, कारण जुनी फळी प्रत्येक ठिकाणी बरोबर एक इंच असते असं नाही. रेघ गुण्यानं (सुताराच्या काटकोनी पट्टीनं) काटकोनात तपासा.

मग रेघेला लागून एक सरळ पट्टी क्लँप करायची आणि तिच्या आधारानं करवत चालवायची. करवतीच्या पात्यावर दातांपासून पाव इंचावर रंगीत चिकटपट्टी लावा, पट्टी लाकडाला टेकली की थांबायचं. दोन्ही रेघांवर असा काप घेतला की मधलं लाकूड पटाशीनं काढायचं. पटाशी दोन्ही कडांकडून मध्याकडे चालवा, एकाच बाजूनं आरपार नेली तर पलीकडची कड उचकटते. माझी पहिली खाच तशीच उचकटली आणि तो कपचा फेव्हिकॉलनं परत बसवावा लागला. थोडं थोडं काढा. धार नसलेल्या पटाशीला जोर जास्त लावावा लागतो आणि ती घसरते, बोटं त्याच वेळी कापतात, म्हणून आधी धार.

फळी खाचेत हातानं दाबून, शेवटी एखाद्या ठोक्यानं बसायला पाहिजे. सैल बसली तर पातळ सालपट घाला. हातोडीनं जोरात ठोकावी लागली तर थांबून खाच रुंद करा, नाहीतर उभी फळी चिरते.

जोडणी

आधी फेव्हिकॉलशिवाय सगळं जोडून बघायचं. समोरासमोरचे कोपरे टेपनं मोजा, दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. दोनात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक असेल तर लांब कर्णाच्या दोन टोकांना दाबा, सरळ होतं.

सागवान असेल तर जोडाच्या जागा थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या, त्याच्या तेलामुळे फेव्हिकॉल नीट धरत नाही. मग खाचेत फेव्हिकॉल, फळ्या बसवा, बाहेरून प्रत्येक जोडाला दोन दोन इंचाचे दोन स्क्रू. स्क्रूआधी ३ मिलिमीटरचं भोक पाडलंच पाहिजे, जुनं लाकूड कोरडं आणि कडक असतं, भोकाशिवाय स्क्रू घातला की टोकाकडे चीर गेलीच म्हणून समजा. स्क्रूला थोडा अंगाचा साबण घासला की तो सहज जातो. बाहेर आलेला फेव्हिकॉल लगेच ओल्या फडक्यानं पुसा, वाळला तर तिथे पॉलिश धरणार नाही आणि पांढरट डाग दिसत राहील.

पाठपट्ट्या हा ह्या शेल्फचा कणा आहे. एक वरच्या फळीच्या खाली मागच्या कडेला, एक मधल्या फळीच्या खाली, आणि तिसरी तळाच्या फळीच्या वर. प्रत्येक पट्टी आडव्या फळीला तीन स्क्रूंनी जोडायची, आणि दोन्ही टोकांना उभ्या फळीतून एक एक. आडवी फळी मागून पट्टीला धरलेली असल्यामुळे पुस्तकांच्या वजनानं मध्ये लोंबत नाही. पट्टी नसेल तर ३४ इंचाच्या फळीला वर्ष-दोन वर्षांत पोट आलेलं दिसू शकतं. वजन तेवढंच राहिलं तरी हा वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे फळी दुप्पट लांब केली की वाक आठपट होतो, म्हणून कुणी पाच फुटांचं शेल्फ करायला निघाला असेल तर मध्ये एक उभी फळी घालाच.

चोवीस तास हात लावू नका.

घासणं आणि तेल

पॉलिश पेपर ८० नंबर, मग १२०, मग १८०, बस. मास्क लावा, लाकडाची धूळ फुप्फुसाला चांगली नाही आणि सागवानाच्या धुळीनं काहींना खाज येते. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं घासायचं, आडवं घासलं की ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. आजोबांच्या हिशोबावर मी पॉलिश पेपर लावलाच नाही, कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढली आणि त्यावर पातळ लाखेच्या पॉलिशचा एक हात स्प्रेनं मारला, ब्रश फिरवला असता तर पेन्सिल पसरली असती.

बाकी सगळ्याला जवसाचं तेल. अर्धं तेल, अर्धं टर्पेंटाइन, सुती फडक्यानं चोळायचं, वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं, दोन-तीन दिवस वाळू द्यायचं, असे तीन हात. चकाकी पाहिजे असेल तर शेवटी मधमाशीचं मेण. आता सगळ्यात महत्त्वाचं, जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेटू शकतं, काडी न लावता. वापरून झाली की दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

भिंत

आता वजनाचा हिशोब करू. एक फूट पुस्तकांचं वजन साधारण १० किलो धरा. तीन खण, प्रत्येकी ३४ इंच, म्हणजे साडेआठ फूट पुस्तकं, म्हणजे ८५ किलो. शेल्फचं स्वतःचं १५-१७ किलो. एकूण शंभर किलो भिंतीला लटकणार आहेत, आणि तेही पुढच्या बाजूनं ओढत. हे डोक्यात ठेवून भिंत निवडा.

बाथरूमच्या पाठची भिंत नको, पाइप असतात आणि ओल असते. पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंतही शक्यतो टाळा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल करायचं नाही, वायरी तिथूनच गेलेल्या असतात. ड्रिल करताना त्या खोलीची लाइन एमसीबीवरून बंद ठेवा आणि ड्रिलला दुसऱ्या खोलीतून वायर घ्या. पलंगाच्या डोक्याशी असलं वजन टांगू नका, कितीही पक्कं केलं असलं तरी.

भिंत कशाची आहे ते ड्रिलची धूळ सांगते. कोपऱ्यात न दिसणाऱ्या जागी एक बारीक भोक पाडा. आधी करडी-पांढरी धूळ येते, ते प्लास्टर. मग लाल धूळ आली तर वीट, सगळ्यात चांगलं. करडी धूळ येत राहिली आणि ड्रिल पुढेच जाईना तर काँक्रीट, कष्ट जास्त पण एकदा बसलं की हलणार नाही. पांढरी, भुसभुशीत, रव्यासारखी धूळ भराभर येऊ लागली तर एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या मोठ्या विटा), नवीन इमारतींमध्ये आता बहुतेक हेच असतं, आणि इथे साधा प्लास्टिकचा रावलप्लग (भिंतीच्या भोकात बसवायची, स्क्रूला धरून ठेवणारी नळी) काही दिवसांत सैल होतो. एएसीसाठी वेगळे लांब नायलॉन प्लग मिळतात ते घ्या आणि ड्रिलचं हॅमर बंद करून भोक पाडा, नाहीतर भोक मोठं होतं. त्यातही चार इंची एएसी पार्टिशनवर हे शेल्फ मी टांगणार नाही, तिथे खाली दोन पाय लावून जमिनीवर टेकवा.

स्क्रू किती लांब? पाठपट्टी १ इंच, म्हणजे २५ मिलिमीटर. प्लास्टर १५ ते २० मिलिमीटर, त्याला काही ताकद नसते. ७५ मिलिमीटरचा स्क्रू घेतला तर विटेत जेमतेम ३०-३५ मिलिमीटर जातो. म्हणून १०० मिलिमीटरचा घ्या, ६ मिलिमीटर जाडीचा, आणि १० मिलिमीटरचा चांगला लांब प्लग, असा आत सरकवायचा की तो प्लास्टरमध्ये न राहता विटेत बसेल. ह्याच्या आधी मी एक छोटं शेल्फ दोन इंची स्क्रूवर लावलं होतं, चार महिन्यांनी रात्री अडीच वाजता ते प्लास्टरच्या पोपड्यासकट खाली आलं. खाली कुणी झोपलेलं नव्हतं.

वरच्या पाठपट्टीला पाच स्क्रू, मधलीला तीन, खालचीला दोन. पट्टीतली भोकं आधीच पाडून ठेवा, आणि ती स्क्रूपेक्षा किंचित मोठी ठेवा, पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा त्याला हलायला जागा लागते. स्क्रूखाली वॉशर घाला.

टांगणं

हे एकट्यानं करायचं काम नाही. आधी शेल्फचा तळ जिथे येणार तिथे भिंतीवर एक रेघ मारा, लेव्हलनं. लेव्हल नसेल तर पारदर्शक नळी पाण्यानं भरून गवंडी करतात तसं दोन टोकांना पाण्याची पातळी जुळवा, तीही तितकीच अचूक असते. जमिनीवरून मोजून रेघ मारू नका, फरशी क्वचितच सरळ असते. त्या रेघेवर एक रीप दोन स्क्रूंनी तात्पुरती लावा, तिच्यावर शेल्फ टेकवा, एकानं धरून ठेवायचं, दुसऱ्यानं पट्टीच्या भोकांमधून भिंतीवर खुणा करायच्या. शेल्फ उतरवा, भोकं पाडा, भोकातली धूळ फुंकून काढा (डोळे मिटून, किंवा सायकलच्या पंपानं), प्लग ठोका. परत शेल्फ रिपेवर, सगळे स्क्रू आधी अर्धे, मग एक एक करून घट्ट. भिंत वाकडी असेल आणि मागे फट दिसत असेल तर स्क्रूच्या जागी पातळ पाचर घाला, नुसतं आवळत गेलात तर चौकट पिळते.

रीप काढायच्या आधी दोन्ही हातांनी वरची फळी खाली ओढून बघा, चांगला जोर लावून. काही हललं, प्लास्टरची रेती पडली, तर त्याच वेळी उतरवा.

पुस्तकं एकदम भरू नका. पहिल्या दिवशी फक्त तळाचा खण, जड पुस्तकं दोन्ही कडांना. आठवड्यानं मधला. वरच्या पाठपट्टीच्या आणि भिंतीच्या मध्ये एक पोस्टकार्ड सरकवून बघत जा, आधी जात नव्हतं आणि आता जातंय तर स्क्रू ढिला होतोय. महिन्यानं आणि पहिला पावसाळा संपल्यावर सगळे स्क्रू एकदा हातानं तपासा, पाव फेरी फिरतातच.

वाशाचा जो तुकडा मी आणला होता त्याचे सहा सहा इंचाचे दोन ठोकळे केले, पुस्तकं कडेला पडू नयेत म्हणून. एकाच्या डोक्यावर पटाशीनं मारलेल्या तीन उभ्या खुणा आहेत. घर उभं करताना सुतारानं कुठला वासा कुठे बसवायचा त्याचा नंबर टाकला असणार, आमचा तिसरा.